एक हात कमी पाणी

योगेश्वरी परसराम बिसेन हिच्या नावावर एक शोधनिबंध आहे. सात पानांचा, इंग्रजीत, जानेवारी २००९ मध्ये छापलेला. मातीच्या जुन्या पाळीतून, म्हणजे बांधातून, तलावाचं पाणी कसं झिरपतं, हे संगणकावर मांडून पाहण्याचा तो प्रयत्न होता. निबंधाच्या शेवटच्या पानावर एक वाक्य आहे : ‘तलावाच्या पातळीच्या सर्व नोंदी निरीक्षकाच्या चुकीमुळे सेहेचाळीस सेंटिमीटरने कमी आहेत.’ निरीक्षकाचं नाव खाली आभारात दिलं आहे. परसराम बिसेन.

ते वाक्य खोटं आहे. परसराम यांच्या हातून मोजण्यात चूक झाली नव्हती.

बिसेन कुटुंब अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या कवठटोल्याचं. गावाच्या एका अंगाला प्रतापगडाचा डोंगर दिसतो, दुसऱ्या अंगाला तलाव. तलावाची पाळ दीड-दोनशे वर्षांपूर्वीची, निव्वळ मातीची. दिवाळीच्या आधी धान पोटरीत आलं की तिथून पाणी सुटतं. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, किती वेळ, हे परसराम ठरवत. त्याआधी त्यांचे वडील ठरवत. पाणी सुटतं त्या तोंडाशी एक दगडी खांब आहे, त्यावर हाताहाताच्या, म्हणजे दीड-दीड फुटाच्या, अंतरावर खाचा आहेत. आकडे कोरलेले नाहीत. खालच्या खाचा पाण्यात बुडालेल्या असतात, म्हणून वरून पाहून कोणाला हिशेब लागत नाही. परसराम खांबापाशी जात, परत येऊन किराणा दुकानाच्या ओट्यावर आकडा सांगत, आणि गाव तो आकडा मानत असे.

योगेश्वरी गोंदियाच्या एका खासगी महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. लोकेश मेश्राम तिचा वर्गमित्र. संगणक लोकेशचा प्रांत होता, तलाव तिचा. संगणकीय यांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी देशपातळीवर निबंध स्पर्धा होती. पहिल्या क्रमांकाला एका मोठ्या संस्थेत सहा महिने काम आणि पुढच्या शिक्षणासाठी तिथल्या प्राध्यापकांची शिफारस. योगेश्वरीला दुसरा कुठला रस्ता नव्हता. घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती आणि वडिलांनी स्पर्धेच्या निकालापर्यंतची मुदत दिली होती.

पाळीच्या उतारावर तिने प्लास्टिकचे तीन पाइप उभे पुरले. पाळीच्या पोटात पाणी किती उंचीवर आहे, ते त्यात दिसायचं. सप्टेंबर ते नोव्हेंबर परसराम रोज दोरी सोडून पाइपांतलं पाणी मोजत, खांबावरची पातळी पाहत आणि दर रविवारी दुकानातल्या रुपयाच्या डबा-फोनवरून आठवड्याचे आकडे मुलीला सांगत. गावात तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती.

लोकेशने पाळीचा छेद चौदाशे त्रिकोणांत तोडला आणि आकडे भरले. गणित जुळेना. तलावात पाणी जेवढं होतं, त्या मानाने पहिल्याच पाइपात ते फार वर येत होतं. पाळीच्या आतल्या बाजूला, चिकणमातीखाली रेताड थर असेल तरच हे शक्य होतं. तसा थर धरला आणि गणित जुळलं, तिन्ही पाइपांशी, अकराही आठवडे. खणल्याशिवाय जुन्या पाळीतला लपलेला थर शोधता येतो, हा निबंधाचा दावा झाला. मार्गदर्शक प्राध्यापक खुश होते. निबंध अंतिम फेरीच्या अकरांत निवडला गेला.

डिसेंबरात योगेश्वरी थराची माती आणायला गावी आली. हाताने फिरवायच्या गिरमिटाने तिने पाळीत चार ठिकाणी भोकं पाडली. चारही भोकांतून वरपासून तळापर्यंत पिवळट चिकणमाती निघाली. रेतीचा कणही नाही.

मग ती खांबापाशी गेली. पाणी तोवर बरंच उतरलं होतं. तिने तोंडाच्या उंबऱ्यावर, म्हणजे तळच्या दगडावर, बांबू टेकवला आणि मोजलं. चार हात. त्याच दुपारी दुकानाच्या ओट्यावर परसराम यांनी सांगितलेला आकडा होता तीन.

घरी तिने विचारलं, “बाबूजी, पानी चार हात आहे. तुमी तीन काऊन सांगतलं?”

“तीनच सांगत असतो.”

“मले फोनवर पन तसंच सांगत होते?”

“दुकानात चार जन बसून राहतात. त्यायच्यासमोर तुले येगरा आकडा कसा सांगू? मी समजलो, तुले मालूम आहे.”

“मले कोनी सांगतलं?”

परसराम यांनी आठवून पाहिलं. “टिकेशले सांगतलं होतं,” ते म्हणाले.

टिकेश तिचा धाकटा भाऊ. त्याला सातवीत असतानाच हे ठाऊक झालं होतं. आई सुखवंता चुलीपाशी होती. ती म्हणाली, “मलेबी लगन होऊन धा वर्सं झाल्यावर समजलं. तेबी यायनं नाई सांगतलं, सासूनं सांगतलं, मराच्या आधी.”

रीत अशी होती. पाणी वाटणारा नेहमी एक हात कमी सांगतो. गावाच्या हिशेबात तलाव रिकामा झाला की तोंड बंद होतं आणि उंबऱ्यावर एक हात पाणी उरतं. उन्हाळ्यात जनावरं ते पितात, आणि मुख्य म्हणजे पाळीचा पाया ओला राहतो. चिकणमाती पार वाळली की भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथून फुटते. हे गावाला समजावून भागत नाही. धान वाळत असताना तलावात पाणी दिसलं की कोणी थांबत नाही. म्हणून खरा आकडा बापाकडून मुलाकडे जायचा. मुली दुसऱ्या गावी जातात, त्यांना सांगत नसत.

पाइपांतलं पाणी परसराम यांनी बरोबर सांगितलं होतं. त्याला कुठली रीत नव्हती. रेताड थर म्हणजे तो एक हात होता.

गोंदियाला परतल्यावर लोकेशने ऐकून घेतलं. म्हणाला, “भोकं पाडलीच नाहीत असं धर ना यार. निबंधात भोकांचा शब्द नाही.”

“पन थर नाही.”

“कुठल्याच पाळीत नसेल का? पद्धत बरोबर आहे आपली. तुझ्या बाबूजींचा एक हात मधे आला फक्त.”

“मी नाही सांगू शकत थर आहे म्हणून.”

“मग खरं काय ते सांग. बाप गावाला फसवतो म्हणून सांग. हिंमत आहे?”

नव्हती. प्राध्यापक निबंधाची प्रत पाटबंधारे कार्यालयाला पाठवणार होते, आणि तिथल्या कारकुनाचं सासर कवठटोल्याला होतं. एक हात एकदा गावाला कळला की तो तलावात राहणार नव्हता. खरी पातळी धरून लोकेशने गणित पुन्हा चालवलं. साधी, एकसारख्या चिकणमातीची पाळ, पुस्तकात असते तशी. योगेश्वरीने निबंध बदलला आणि ते वाक्य घातलं. लोकेशने नाव काढून घेतलं नाही, पण अंतिम फेरीला तो गेला नाही.

ती एकटी गेली. दोन रात्रींचा रेल्वेप्रवास, मग बारा मिनिटांचं सादरीकरण. एका परीक्षकाने विचारलं, थर नाही, तर मग या निबंधात नवं काय आहे? ती म्हणाली, काही नाही. दुसऱ्याने विचारलं, सलग अकरा आठवडे एकाच अंतराची चूक निरीक्षकाकडून होते कशी? ती म्हणाली, त्यांना पट्टी वाचता येत नाही. अकरांत तिचा क्रमांक दहावा आला.

छापील प्रत घरी गेली. टिकेशने वाचली आणि वडिलांनी विचारल्यावर मराठीत सांगितली. परसराम यांनी ते वाक्य दोनदा सांगायला लावलं. नंतर एवढंच म्हणाले, “बरं केलं. गावाचं राहिलं.” पण मुलीच्या पाइपांत त्यांनी पुन्हा दोरी सोडली नाही.

त्या वर्षी लग्न ठरलं, मोडलं. योगेश्वरीने चार वर्षं गोंदियात शिकवण्या घेतल्या आणि २०१३ मध्ये तलाव दुरुस्तीच्या एका सरकारी योजनेत ती कंत्राटी अभियंता झाली. पुढच्या वर्षी आदेश आला : यादीतल्या प्रत्येक तलावात मीटरपट्टी बसवायची, दुरून वाचता येईल अशी. यादीत कवठटोला बाविसावा होता.

मे महिन्यात ती दोन मजूर घेऊन खांबापाशी उतरली. परसराम पाळीवर उभे होते. शून्य कुठे धरायचं, हे तिच्याच हातात होतं. ते उंबऱ्याच्या एक हात वर धरलं असतं तर कोणी तपासणार नव्हतं. परसराम यांनी वरून तेवढंच विचारलं, “बाई, शून्य कुठं लावतेस?”

“उंबऱ्यावर.”

“एक हात वर नाई चालत?”

“एकदा खोटं लिवलं बाबूजी, तुमच्या नावानं. आता माझी सही आहे.”

तिने पट्टी बसवली, फोटो काढला, अहवालात जोडला.

त्या हंगामापासून कवठटोल्यात पाण्याचा आकडा कोणी विचारत नाही, पाळीवरून सगळ्यांना दिसतो. तलाव शून्यापर्यंत उपसला जातो. पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत तळ उघडा पडला. एप्रिलमध्ये पाळीच्या पायथ्याला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. परसराम यांनी पाणी वाटण्याचं काम सोडलं. टिकेशने घेतलं नाही. म्हणाला, वाटायला काही उरलं नाही.

भेगांचा अहवाल योगेश्वरीनेच लिहिला. दुरुस्तीसाठी पाठवलेल्या त्या कागदावर तीन वर्षांत उत्तर आलेलं नाही. दर पावसाळ्याच्या तोंडाशी ती घरी फोन करते. आता गावात रेंज आहे.

“बाबूजी, पानी किती आहे?”

“पट्टी पाह्य ना,” परसराम म्हणतात आणि फोन सुखवंताकडे देतात.