दहा पेन्सची दुसरी बाजू

एनिड कोलक्लाफचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होई. शेगडी पेटवायची, ओटच्या दोन धिरड्यांत चीज घालून दुमडायचं, एक उभ्यानं खायचं, एक कागदात बांधायचं. सव्वासातला ती इंग्लंडमधल्या टन्स्टॉलच्या चिनीमातीच्या कारखान्यात आपल्या बाकावर असे. काम बशांवर छाप चढवण्याचं. पातळ कागदावरची ओली नक्षी बशीवर ठेवायची, ताठ ब्रशनं घासून बसवायची, कागद धुवून काढायचा. खाली हवेचा एक बुडबुडा राहिला तर भट्टीत तिथं नक्षी फाटते, आणि फाटलेल्या बशीचे पैसे मिळत नाहीत. एकवीस वर्षांत एनिडच्या किती बशा परत आल्या, असं मुकादमाला विचारलं तर तो आठवत बसे.

गाण्यांच्या रेकॉर्डीही ती तशाच निवडी. एकोणीसशे त्र्याहत्तर साल होतं. अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या नाचत्या गाण्यांनी, म्हणजे सोल संगीतानं, आमची सगळी कारखान्यांची गावं झपाटली होती. जमवणाऱ्या पोरांना हवी असे ती कुणाकडेच नसलेली रेकॉर्ड. त्यासाठी ही पोरं पंधरवड्याची मजुरी टाकायला तयार. एनिड मात्र ढिगातली घेई. लाखांनी खपलेली, घरोघरी पडलेली, नाणं टाकून गाणं वाजवायच्या ज्यूकबॉक्समधून उतरवून हॅन्लीच्या बाजारात दहा पेन्सला आलेली. पण शंभर चाळून एक घेई. उजेडात तिरकी धरून चर बघायचे, कडेवरून बोट फिरवायचं, घरी नेऊन साबणाच्या पाण्यात धुवायची.

दर रविवारी दुपारी खाणकामगारांच्या हॉलमध्ये ती या रेकॉर्डी लावी. पैसे मिळत नसत. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. बाकावरच्या बायकांना ती म्हणे, "सहा दिवस मी दुसऱ्याच्या बशा रंगवते. हे तीन तास माझे."

त्या वसंतात हॉल रिकामा पडू लागला. लोक टेरी मेचिनकडे जात. टेरी हॅन्लीत रेकॉर्डी लावी, आणि त्याची युक्ती साऱ्या धंद्याला ठाऊक होती. मिळालेल्या दुर्मिळ रेकॉर्डच्या मधल्या छापील नावावर तो कोरा कागद चिकटवी आणि त्यावर खोटं नाव लिही, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती शोधता येऊ नये.

हॉलचे सेक्रेटरी मिस्टर बॉसन्स एका रविवारी चहाच्या काउंटरवर रेलून म्हणाले, "एनिड, आज अकरा माणसं. त्यातले दोघे पावसातून आत आलेले."

"गाणी चांगली आहेत, मिस्टर बॉसन्स."

"चांगली आहेत. माझ्या बायकोकडेही तीच आहेत. ती ऐकायला कोण बस पकडून येईल? तीन रविवार देतो. नाहीतर ही दुपार मेचिनला."

एनिड घरी आली आणि तिनं सगळा साठा काढला. बुधवारपर्यंत ती रेकॉर्डींच्या दुसऱ्या बाजू ऐकत होती. एकशे ऐंशी बाजू. एकशे त्रेसष्टावी लॉनी ट्रेस्कॉटच्या रेकॉर्डची निघाली. पहिल्या बाजूचं संथ, रडकं गाणं प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयतीनंतरच्या जेवणात वाजे. दुसरी बाजू कुणी लावली नव्हती. तिथं हाच माणूस गळा मोकळा सोडून गात होता, ढोल धावत होते, आणि दोन मिनिटं दहा सेकंदांत सगळं संपत होतं. आवाज त्याचा वाटतच नव्हता.

तिनं खळ शिजवली, कागद गोल कापला आणि रेकॉर्डच्या मधल्या नावावर चढवला. एक बुडबुडा राहू दिला नाही. वर छापील अक्षरांत मनचंच एक नाव लिहिलं: मॉरिस क्वेल.

पहिल्या रविवारी ते गाणं तिनं तीनदा लावलं. दुसऱ्या रविवारी साठ माणसं आली. तिसऱ्या रविवारी लोक दारापर्यंत उभे होते, आणि भिंतीला टेकून टेरी मेचिन स्वतः.

"बाई, हा क्वेल कुठला? शिकागो?"

"तू तुझ्या रेकॉर्डी कुठल्या ते सांगतोस का मला?"

टेरी हसला. "बरोबर आहे. माझी पेटी उघडतो. हवी ती रेकॉर्ड उचला, त्याच्या बदल्यात ही द्या. देशात तीनच असलेलीसुद्धा आहे त्यात."

"बघू," एनिड म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. आपल्यापुढं टेरी मेचिन हात पसरतोय, हे तिला आवडलं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर शेजारची नोरा शेरॅट बाकावर वीस मिनिटं उशिरा आली. नोरा अठ्ठेचाळीस वर्षांची, पाय जड, पण त्या गाण्यावर ती तिन्ही रविवार बसली नव्हती. बूट चिखलानं भरलेले, मुकादमानं तेवढ्या वेळाची मजुरी कापलेली.

"कुठं गेली होतीस, बये?"

"बर्सलेमच्या दुकानात. तिथंही नाही." नोरानं एप्रनच्या खिशातून पाकिटाचा तुकडा काढला. त्यावर दुकानांची नावं, एकेक खोडलेलं. "अकरा दुकानं झाली. कुणी मॉरिस क्वेलचं नाव ऐकलेलं नाही. एक पोरगा तर हसला. म्हणाला, आजी, घरी जाऊन विणकाम करा."

"आणि जेवलीस कधी?"

"जेवण कसलं. अर्ध्या तासात दोन दुकानं होतात, पळत गेलं तर. तुला तो कुठं मिळाला ते विचारणार नाही मी. मेचिन सांगत नाही, तूही सांगू नकोस, धंद्याची रीत आहे. मी शोधीन."

एनिडनं पुढची बशी घेतली, छाप ठेवली, आणि ती वाकडी बसली. दुसरीही वाकडी बसली. अकरा दुकानं, सुट्टीतली, उपाशी पोटी, आणि माणूस नव्हताच. टेरीला फसवलं त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पण अंगमेहनत ही गोष्ट तिला कळत होती, आणि कुणाची अंगमेहनत अशी मातीत घालणं तिच्यात बसत नव्हतं. त्या दिवशीच्या तिच्या सात बशा परत आल्या.

खरं सांगावं तर गाणं पुन्हा दहा पेन्सचं, आणि दुपार मेचिनची. आठवडाभर ती हे उलटंसुलटं करत राहिली. रविवारी हॉल भरला. टेरी पेटी घेऊन आला होता. एनिडनं सुई उचलली, ओला स्पंज घेतला आणि सगळ्यांसमोर रेकॉर्डवरचा कागद पुसून काढला. कारखान्यात काढावा तसा, एका दमात.

"मॉरिस क्वेल कुणी नाही," ती म्हणाली. "ही लॉनी ट्रेस्कॉटची रेकॉर्ड आहे. लग्नात वाजते तीच, उलटी करून. तुमच्यातल्या किती जणांच्या घरी आहे?"

मग एक हात वर आला, मग दहा, मग अर्धा हॉल.

टेरीनं पेटीचं झाकण लावलं. "माझ्या आईकडे दोन आहेत," तो म्हणाला, आणि बारा-पंधरा जणांना घेऊन निघून गेला.

नोरा हॉलच्या मधोमध उभी होती. तिचा हात सगळ्यांत शेवटी वर आला.

"आमच्या कपाटात आहे, आठ वर्षं. अकरा दुकानं, एनिड."

"हो."

"बर्सलेमला पळत गेले मी."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं, तर सोमवारीच का नाही सांगितलंस?"

एनिडनं रेकॉर्ड कोरडी पुसली. तिनं सुई ठेवली. नोरा भिंतीशी जाऊन बसली. पण उरलेले नाचले, आणि दुसऱ्यांदा लावल्यावर नोराही उठली, एनिडकडे न बघता.

हॉल बंद करताना मिस्टर बॉसन्स काउंटरवरचे कप धूत होते.

"मेचिनची माणसं गेली," एनिड म्हणाली. "दुपार त्याला देणार असाल तर आत्ताच सांगा."

"ती पोरं भिंतीला टेकून उभी राहतात. घाम नाही, तहान नाही. तीन आठवड्यांत त्यांच्यातल्या एकानं चहा घेतला असेल तर शपथ." त्यांनी कप उपडा ठेवला. "नाचणाऱ्यांनी आज दोन किटल्या संपवल्या. दुपार तुझीच. पण कागद चिकटवणं बंद."

मंगळवारपर्यंत नोरा पलीकडच्या बाकावरून ब्रश मागून आणत होती. बुधवारी तिनं तो एनिडकडे मागितला. गुरुवारी म्हणाली, "ज्यांनी हात वर केले नाहीत, त्यांच्याकडे नसणार ती."

"तेच डोक्यात आहे. त्यांना एकेक वाटायची."

शुक्रवारी मजुरीचं पाकीट मिळालं. एनिडनं त्यातून भाड्याचे आणि कोळशाचे पैसे वेगळे काढले, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम सुटल्यावर दोघी बसनं हॅन्लीच्या बाजारात गेल्या. गाळेवाल्यानं तीन खोकी पुढं केली.

"ट्रेस्कॉट? किती?"

"असतील तेवढ्या."

"कुणी वारलं का, बाई?"

"गप मोज," नोरा म्हणाली.

एनिडनं मात्र त्या मोजून घेतल्या नाहीत, बघून घेतल्या. एकेक उजेडात धरली, उलटी केली, दुसऱ्या बाजूचे चर तपासले. चाळीसमधल्या चौदा परत केल्या. गाळेवाला कुरकुरला, तिनं लक्ष दिलं नाही. त्या आठवड्याच्या मजुरीतून स्वच्छ वाजणाऱ्या सव्वीस रेकॉर्डी आल्या, आणि पिशवीचा एक बंद नोरानं धरला होता म्हणून तिचं परतीचं तिकीटही त्यातूनच.