चक्कर येणारी प्रवासी

समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात ती चादरींच्या खोलीत कामाला होती. धुऊन आलेली चादर दोन झटक्यांत चौकोनी करायची नि फळीवर रचायची, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून सगळे तिला घडीताई म्हणत. आई-वडील लवकर गेले, धाकट्या भावाला तिनंच वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि त्या धांदलीत स्वतःचं राहून गेलं. पन्नाशी उलटली तरी ती कधी अंथरुणाला खिळल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आजारी पडायचं तर सवड नको?

पुढे हॉटेलासमोरच्या रस्त्यावर ट्रामचे रूळ पडू लागले. खोदकामाच्या धुळीनं गिऱ्हाईक आटलं आणि मॅनेजरनं तिला दुपारनंतर घरी जायला सांगितलं. रिकाम्या दुपारी घर तिला खायला उठायचं. अशात ट्रामच्या कचेरीबाहेर पाटी लागली. गाडी लोकांसाठी सुरू होण्याआधी चालकांची तालीम घ्यायची होती आणि त्यासाठी प्रवासी म्हणून बसायला माणसं हवी होती. घरी भाऊ-भावजयीला न सांगता ती गेली.

तालीम घेणाऱ्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या होत्या. त्यांनी एकेकाला काम वाटून दिलं. कुणी दारात छत्री अडकवायची, कुणी चुकीच्या थांब्यावर उतरायचं. घडीताईला त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला चक्कर येणार." आणि तिच्या शेजारच्या सडपातळ गृहस्थांना म्हणाल्या, "काका, तुम्ही भांडायचं." हे काका बाजारात चष्मे दुरुस्त करायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्यांनी आवाज चढवला असेल तर तो शिंक आल्यावरच.

पहिल्या दिवशी दोघांनी पार माती खाल्ली. चष्मेवाले चालकाजवळ गेले नि म्हणाले, "माफ करा हं, तुम्हाला सवड असेल तर विचारतो, गाडीला उशीर का झाला?"

"काका, भांडा की," चालक म्हणाला.

"भांडतोच आहे," चष्मेवाले म्हणाले.

घडीताईनं तर आधी रुमालानं फरशी पुसली, पिशवी भिंतीला टेकवली आणि मग सावकाश आडवी झाली. शिट्टीवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, चक्कर आलेलं माणूस आधी झाडलोट करत नाही."

"मग काय करतं?"

"पडतं."

पण पडणं काही तिला जमेना. गुडघे वाकले की हात आपसूक खांबाला जाऊन चिकटत. आयुष्यभर दुसऱ्यांना सावरलेले हात ते, ऐनवेळी कसचे ऐकतात.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला गाडी किनाऱ्याच्या वळणावर आली. रुळांवर वाऱ्यानं वाळू आणून टाकली होती, चाकं करकरली आणि एकाएकी डाव्या बाजूच्या सगळ्या काचा समुद्रानं भरून गेल्या. इतकी वर्षं ती समुद्रासमोर कामाला होती, पण चादरींच्या खोलीला खिडकी नव्हती. पाण्यावरचं ऊन डोळ्यांत शिरलं आणि हात सुटला. ती पडली ती थेट चष्मेवाल्यांच्या मांडीवर.

चालकाला वाटलं, तालीमच चालली आहे. तो गाडी हाकत राहिला. तेव्हा चष्मेवाले कडाडले, "गाडी थांबवा. इथं माणूस कोसळलंय आणि तुम्ही मजेत घंटा काय वाजवताय? डोळे आहेत की बटणं?"

चालकानं असा ब्रेक मारला की गाडी भर चौकात उभी राहिली. मागे मोटारी भोंगे वाजवू लागल्या. शिट्टीवाल्या बाई टाळ्या वाजवत होत्या आणि बेशुद्ध घडीताई डोळे मिटून गदागदा हसत होती. तिचं हसू आधी चष्मेवाल्यांना लागलं, मग छत्रीवाल्याला, मग साऱ्या डब्याला.

त्यानंतर ती रोज पडू लागली. कचेरीतली माणसं तिला अलगद उचलत, पाणी पाजत, "बरं वाटतंय ना?" म्हणून विचारत. असले लाड तिचे कुणी केले नव्हते. घरी ती गुणगुणत भांडी घासायची. भावजय चक्रावली, आणि शेजारणीनं येऊन कानात सांगितल्यावर तर तिनं नवऱ्यालाच पुढे केलं.

भाऊ बराच वेळ घुटमळला. "ताई, लोक म्हणतात तू रोज ट्राममध्ये कुणाच्या तरी मांडीवर पडतेस. या वयात?"

"या वयातच चक्कर येते रे," ती म्हणाली. भावजयीला असं हसू फुटलं की तिला आत पळावं लागलं.

तालमी संपल्या, गाडी सगळ्यांसाठी सुरू झाली. त्या दिवशी दोघं तिकीट काढून शेजारी बसले, आणि आता कसं वागायचं हेच दोघांना सुचेना. ना भांडायचं, ना पडायचं. शेवटचा थांबा आला, माणसं उतरली, तरी ही दोघं ढिम्म. अखेर चष्मेवाले समुद्राकडे बघत म्हणाले, "मला कुणाशी भांडता येत नाही. तुमच्याशी मात्र रोज थोडं थोडं जमेल असं वाटतं."

घडीताईच्या कानशिलांना ऊब आली. "भांडायला एक घर लागतं," ती म्हणाली.

"आहे. दुकानाच्या वरच."

लग्न नोंदणी कचेरीत सह्या करून झालं. तिची पत्र्याची ट्रंक न्यायला भावानं टेम्पो बोलावला होता, पण ती म्हणाली, ट्रामनंच जायचं. ट्रंक दारापाशी ठेवली, भाऊ तिच्यावर बसला आणि पहिल्याच वळणाला ट्रंकेसकट घसरत थेट मागच्या टोकाला पोचला. त्याला आवरायला भावजय धावली, तिला आवरायला नवरदेव. हसता हसता उतरायचा थांबा मागे पडला. पुढचाही पडला. गाडी पार शेवटपर्यंत जाऊन उलटी फिरली, तरी कुणाला उठायचं भान नव्हतं. घडीताईनं नवऱ्याला जरा सरकायला सांगितलं आणि खिडकीची जागा घेतली.