भुताच्या कादंबरीचे छत्तीस तास

काल सकाळी आम्ही ओट्यावर वाटाणे सोलले आणि भुताच्या कादंबरीचा शेवटचा भाग ऐकला. छत्तीस तासांची कादंबरी, मोबाइलवर एक बाई वाचून दाखवते. मोबाइल तो स्टीलच्या तांब्यात ठेवतो, म्हणजे आवाज मोठा येतो.

तो शेजारच्या खोलीतला भाडेकरू. रांजणगावला कंपनीत रात्रपाळी करतो. आमची ही गेली, त्यानंतर पंधरा दिवसांनी तो हेल्मेटसकट दारात आला. "आबा, एकट्याला ऐकायला भ्या वाटतं. बसता का?"

मी म्हणालो, "घोड्याएवढा झालास आन् भुताला भितोस?"

"व्हय," म्हणाला आणि भिंतीला पाठ लावून बसला. भूत आलं की तो वाटाण्याची शेंग सालासकट तोंडात घालतो.

मध्ये एकदा त्यानं घाईघाईनं मोबाइल पुढं पळवला. "हितं त्या माणसाची बायको मरती. ते नको."

म्हणजे गड्यानं सगळं आधीच एकट्यानं ऐकलं होतं. मला राग आला, पण गप बसलो. बोललो असतो तर त्यानं यायचं थांबवलं असतं.

काल कादंबरी संपल्यावर वाटलं, आता हा कशाला येतोय. दिवसभर घर खायला उठलं.

आज सकाळी सातला त्याची गाडी दारात थांबली. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "आबा, गोष्टीतली ती विहीर कुणाची, ते मला कळलंच न्हाई. पयल्यापासनं लावू का?"

"तुला काय कळतंय," मी म्हणालो. "लाव."

त्यानं पहिला भाग लावला.