व्हरांड्यातला नकाशा

अनय, मीरा, दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला आपण फोनवर एकमेकांना बघतो. दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी अनयने मला त्याच्या फोनमधला नकाशा दाखवला होता. "आजी, बघ, मी वळलो की नकाशापण वळतो." मी म्हटलं, "आमच्या शाळेत हे काम मंदाबाई करायच्या." तुम्ही दोघं हसलात. मीराने विचारलं, "कोण मंदाबाई?" मी म्हटलं, "मोठी गोष्ट आहे, पुढच्या रविवारी सांगते."

मंगळवारी सकाळी सविताचा फोन आला. सविता माझी जुनी विद्यार्थिनी, आता नावड्याला राहते आणि तळोज्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. एरवी ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. त्या दिवशी सरळ म्हणाली, "मोठ्या बाई... आपल्या मंदाबाई गेल्या. पहाटे, झोपेतच."

त्या रविवारी तुम्हाला काही सांगता आलं नाही. आज जमेल असं वाटतं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा, फोनला विचारू नका.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा मी घणसोली गावाजवळच्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आले. मुख्याध्यापिकेला 'मोठ्या बाई' म्हणायची तिथे पद्धत होती. माझं स्वतःचं शिक्षण पुण्याच्या इंग्रजी शाळेत झालेलं. वेळापत्रक तीन रंगांच्या शाईत आखायचं, रांगेत बोलायचं नाही, व्हरांड्यात पळायचं नाही, ही माझी शिस्त. वाशीहून सकाळच्या बसने यायचं, संध्याकाळच्या बसने जायचं. वर्गात अर्धी मुलं गावातली असत, पिढ्यान् पिढ्या शेती, मासेमारी आणि मिठागरं केलेल्या घरांतली. उरलेली भाड्याच्या खोल्यांतली, बहुतेक सातारा भागातून आलेली. त्यांचे वडील वाशीच्या बाजारात हमाली करत. मंदा पाटील तिसरीला शिकवायच्या. त्या गावातल्याच. उंच, खणखणीत आवाजाच्या आणि साडीच्या निऱ्यांवर कायम खडूची पूड.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा वर्ग तपासायला गेले. फळ्यावर ठाणे जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता. मी मुलांना म्हटलं, "उत्तर दिशा दाखवा." सगळ्या वर्गाने एका झटक्यात बोटं छताकडे केली. एका मुलीने तर नेमकं पंख्याकडे. मी रागावले आणि म्हटलं, "उत्तर छतात असते का? ही बघा उत्तर," आणि ठामपणे फळ्याकडे बोट केलं. मधल्या सुट्टीत मंदाबाई माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मोठ्या बाई, फळ्याच्या मागं खाडी हाय. रोज सूर्य तिकडंच बुडतो." म्हणजे मी मुलांना पश्चिम दाखवली होती! माझा चेहरा पडलेला बघून त्याच म्हणाल्या, "पोरांची काय चूक? भिंतीवरच्या नकाशात उत्तर वरच असते. नकाशा खाली उतरवायला पाहिजे."

आणि त्यांनी तो खाली उतरवला. दुसऱ्या दिवसापासून तिसरीचा वर्ग व्हरांड्यात उकिडवा बसलेला दिसू लागला. आधी उत्तर शोधायची. सकाळी सूर्य पारसिकच्या डोंगरावरून येतो, त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं, डावा हात लांब करायचा. त्या हाताला ऐरोली, उजव्या हाताला वाशी, पाठीशी खाडी. मग गेरूने आणि खडूने फरशीवर गाव काढायचं, पण खऱ्या दिशांना धरून. प्रत्येक मुलाने घरून रिकामी काडेपेटी आणायची, तिच्यावर कागद चिकटवून नाव लिहायचं आणि आपलं घर जिथे असेल तिथे ती ठेवायची.

काडेपेट्या बघून मी हादरलेच. "मंदाबाई, शाळेत काडेपेट्या?"

"रिकाम्या हायत, मोठ्या बाई. आणि पेटायला या शाळेत आहे काय? खडूसुद्धा ओलाच असतो."

सविता तेव्हा आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची. ती पेटी हातात धरून नुसतीच उभी राहिली. "बाई, आमचं घर साताऱ्याकडं हाय. हितं नुसती खोली हाय."

"मग दोन पेट्या आण," मंदाबाई म्हणाल्या.

दुसरी पेटी कुठे ठेवायची यावर वर्गात मोठी चर्चा झाली. व्हरांडा संपला, पायऱ्या संपल्या, शेवटी अंगणातल्या नळाजवळ सातारा ठरला. रोज शाळा सुटताना सविता ती पेटी आत आणून ठेवायची, सकाळी आल्या आल्या पुन्हा नळाजवळ नेऊन मांडायची. माझ्या खोलीच्या खिडकीतून मला ते दिसायचं.

एक दिवस मंदाबाई आपल्या आईला घेऊन आल्या. आजींनी पदर खोचला, गेरूचा खडा हातात घेतला आणि मुलांनी काढलेल्या रस्त्यांवरूनच एक लांब वाकडी रेघ ओढली. "हितं रस्ता नाय, हितं बांध हाय. बांधाच्या पलीकडं मिठागर. भरती आली का पानी पार हितवर."

एक मुलगी म्हणाली, "आजी, पण तिथं तर आमची बिल्डिंग आहे."

"मंग तुजी बिल्डिंग मिठात हाय!"

मुलं किती हसली म्हणून सांगू! पण मग एकेकाने त्या रेघेवरून पाऊल टाकत चालून पाहिलं. कुठल्या बांधाला काय नाव, कुठली उघाडी, भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बसवलेलं ते लाकडी दार कुठे होतं... आजी सांगत होत्या आणि तिसरीचा वर्ग फरशीवर लिहून घेत होता. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

त्या दिवशी जाताना मंदाबाईंनी मला हटकलं. "मोठ्या बाई, तुमची पेटी कुठाय?"

"मी इथे राहत नाही, मंदाबाई. मी वाशीला राहते."

"अकरा ते पाच कुठं असता मग?"

मी हसून विषय बदलला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तपासणीचं पत्र आलं. आता मी जे लिहिणार आहे ते तुमच्या आईलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. मला त्या व्हरांड्याची लाज वाटली. गेरूचे डाग, खडूची पूड, वाटेत पसरलेल्या काडेपेट्या... आदल्या संध्याकाळी मंदाबाई घरी गेल्यावर मी सफाईवाल्या बाईंना सांगून सगळा व्हरांडा धुऊन घेतला. पेट्या गोळा करून माझ्या कपाटावर ठेवल्या.

सकाळी मंदाबाई आल्या आणि ओल्या फरशीकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आईची रेघ होती त्यात."

मी म्हटलं, "पुन्हा काढून घ्या त्यांच्याकडून."

"हो," एवढंच त्या म्हणाल्या. पेट्या बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात भरल्या आणि वर्गात गेल्या.

अकरा वाजता तपासणीचे साहेब आले. माझ्यासोबत तिसरीत गेले. मंदाबाईंनी नकाशा फळ्यावर टांगलेला होता. नशीब बघा, साहेबांनीही तोच प्रश्न विचारला. "उत्तर दिशा दाखवा." सगळा वर्ग उजवीकडे वळला आणि खिडकीबाहेर, ऐरोलीच्या दिशेने बोटं केली.

"चूक," साहेब म्हणाले. "नकाशात उत्तर कुठे असते? वर!" आणि त्यांनी फळ्याकडे बोट केलं. मुलांची बोटं एकेक करून खाली आली. फक्त सविताचं राहिलं. डोळे भरले होते, पण बोट खिडकीकडेच. तिने माझ्याकडे पाहिलं. मंदाबाईंनीही पाहिलं.

मी म्हटलं, "साहेब, मुलं बरोबर आहेत. फळ्यामागे खाडी आहे. काही दिवसांपूर्वी मीसुद्धा हीच चूक केली होती."

साहेब खिडकीशी गेले, बाहेर उन्हात पडलेल्या सावल्या निरखल्या आणि मग मोकळेपणी हसले. "बसा रे, बसा. आज मीच नापास." जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं की शाळेचा व्हरांडा विशेष स्वच्छ आहे.

ते वाक्य वाचून मला कुठे तोंड लपवावं कळेना. मंदाबाईंनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आता तरी पेटी आणा." मी म्हटलं, "आणते." तेव्हाच माफी मागायला हवी होती. शब्द जिभेवर आलेही होते... पण मी चहा प्यायले.

पुढे मंदाबाईंच्या आई आजारी पडल्या आणि थंडी संपायच्या आत गेल्या. मुलांनी नकाशा पुन्हा काढला, पण बांधाची ती रेघ कुणाला नीट आठवेना. मंदाबाईंनाही नाही. त्या एवढंच म्हणायच्या, "आईला पायाने माहीत होतं." जूनमध्ये माझी बदली झाली. त्यानंतर हळदीकुंकवाला, कुणाच्या लग्नात, त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात आम्ही भेटत राहिलो. दर वेळी त्या विचारायच्या, "पेटी?" आणि आम्ही दोघी हसायचो. ही त्यांची थट्टा आहे, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

तेराव्याला सविता मला न्यायला आली. निघण्यापूर्वी मी देवापुढची काडेपेटी रिकामी केली, कागद चिकटवला आणि माझं नाव लिहिलं. अक्षर तिरकं आलं. मंदाबाईंच्या जुन्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे, तिच्यात पहिल्या मजल्यावर त्यांची खोली. सविताने मंदाबाईंच्या सुनेला कानात काही सांगितलं, आणि सुनेने कपाटाच्या तळातून बिस्किटांचा डबा काढून आणला. झाकण गंजलं होतं. आतल्या कागदांना कसर लागली होती, पण नावं वाचता येत होती. सविताच्या दोन पेट्या एकाच रबराने बांधलेल्या होत्या. हात लावताच रबर तुटलं.

"मांडूया?" सविता म्हणाली.

आम्ही खाली बसलो. आधी उत्तर शोधली. खिडकीतून डोंगराचा एक तुकडा अजून दिसतो, मी त्याच्याकडे तोंड केलं आणि डावा हात लांब केला. सविताने एकेक पेटी मांडली. मधे शाळेची जागा मोकळी सोडली, आपली साताऱ्याची पेटी उंबऱ्यापलीकडे जिन्यात नेऊन ठेवली आणि आत येऊन माझ्यापुढे हात केला.

"द्या, मोठ्या बाई. वाशी इकडं, त्या भिंतीकडं ना?"

"वाशीला नको," मी म्हटलं. "शाळेत ठेव."