बोल्ट काढलेली क्रेन

नागपुरात अठ्ठावीस मजले म्हटलं की लोक अजूनही गाडी हळू करून वर बघतात. तशा एका इमारतीच्या बांधकामावर मी सुरक्षा अधिकारी होते. इमारत वाढते तशी तिच्याशेजारची टॉवर क्रेनही उंच करावी लागते, आणि त्या कामाच्या आदल्या रात्री मला कधीच नीट झोप लागली नाही. क्रेनचं डोकं, म्हणजे ऑपरेटरची केबिन, लांब आडवा बूम आणि मागची वजनं, हे सगळं खालच्या खांबापासून बोल्ट काढून सुटं करायचं. भोवतीच्या लोखंडी पिंजऱ्यातल्या जॅकने ते वर उचलायचं आणि मधल्या जागेत खांबाचा नवा तुकडा सरकवायचा. तो बसून बोल्ट आवळले जाईपर्यंत कित्येक टनांचं ते डोकं नुसतं तोललेलं असतं.

मे महिन्यात आमच्याकडे सकाळ शांत असते. वाऱ्याचा भरवसा नसतो तो पुढे ऊन चढल्यावर. म्हणून माझा नियम होता, काम सहाला सुरू करायचं, नऊनंतर सुरुवातच नाही. त्या दिवशी जॅकचा तेलाचा पाइप गळायला लागला. दुसरा पाइप कळमन्याच्या रस्त्यावरच्या दुकानातून येईपर्यंत साडेदहा वाजले.

प्रोजेक्ट मॅनेजर माझ्याजवळ आले. "आभाळ बघा, एक ढग नाही. आज क्रेन चढली नाही तर पुढचा स्लॅब लांबला."

"नऊनंतर नाही," मी म्हणाले आणि वाऱ्याचा आकडा बघितला. मर्यादेच्या बराच खाली होता. तरीही परमिटवर सही करताना माझा हात थांबला. क्रेनचे ऑपरेटर समोरच उभे होते. पारशिवनीकडच्या एका गावचे, पन्नाशीतले. घरची शेती भाऊ बघायचा आणि हे वीस वर्षं क्रेनवर. ते माझ्या पेनाकडे बघत होते. मी सही केली.

अकराच्या सुमारास ते केबिनमध्ये चढले. फोरमन आणि त्याची चार माणसं पिंजऱ्याच्या फळ्यांवर होती. मी सर्वांत वरच्या स्लॅबवर वॉकीटॉकी घेऊन उभी होते. बोल्ट निघाले. डोकं हळूहळू वर गेलं, आणि खांबाच्या वरची मोकळी जागा दिसायला लागली. त्या फटीतून पलीकडचं आभाळ दिसतं. ते बघायची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

नवा तुकडा निम्मा आत सरकला होता, तेव्हा पश्चिमेला धरमपेठच्या बाजूला आभाळ खाली मातकट झालेलं दिसलं. पाठोपाठ वॉकीटॉकीवर ऑपरेटरचा आवाज आला.

"मॅडम, वावधन येऊन राहिलं. काटा तीसवर गेला."

आमची वाऱ्याची मर्यादा ताशी छत्तीस किलोमीटरची होती. मी खाली गेटवर कळवलं, "बूमखालचा रस्ता रिकामा करा. टपरीवाल्यांनाही हलवा. एकही माणूस थांबायला नको." स्लॅबवरच्या लोकांना जिन्याने उतरवलं. एवढ्यात धूळ अंगावर आली.

"अडतीस, मॅडम. बूम ओढून राहिला. मोकळा सोडू का?"

प्रश्न बरोबर होता. एरवी वादळ आलं की क्रेनचा ब्रेक काढतात, म्हणजे बूम वाऱ्याबरोबर फिरतो आणि त्याच्यावर जोर येत नाही. वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पण आता डोक्याखाली बोल्टच नव्हते. बूम फिरला असता तर तोल गेला असता, आणि पिंजऱ्यातली पाच माणसं, ते स्वतः, सगळंच खाली गेलं असतं.

"नका सोडू," मी ओरडले. "ब्रेक लावलेलाच ठेवा. कशालाही हात लावू नका."

"एक्केचाळीस."

"ऐकलं ना तुम्ही?"

काही क्षण नुसती खरखर. मग, "ऐकलं."

पिंजऱ्यातला एक जण शिडीकडे धावला. फोरमनने त्याची कॉलर धरली आणि त्याला परत तुकडा ओढायच्या हुकाला जुंपलं. मागे घ्यायचं की पुढे ढकलायचं, हे त्याने मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे. पाच जणांनी मिळून तो तुकडा आत ओढला. पिंजऱ्याची चाकं खांबावर कर्रकर्र घासत होती. वरून ऑपरेटर एकच वाक्य म्हणत होते, "लवकर करा गा, लवकर करा." डोकं खाली टेकलं. एका कोपऱ्यात बोल्ट गेला, दुसऱ्यात गेला. तिसरा बसेना. फोरमनने घण मागितला. तिसरा, मग चौथा. फोरमनने हात वर केला.

"आता सोडा," मी म्हणाले.

बूम सावकाश वळला आणि वाऱ्याच्या दिशेने तोंड करून थांबला. मी तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसले.

वारा ओसरल्यावर मी गेटपाशी उतरले, ऑपरेटरही खाली आले. एवढी शिडी उतरून आले आणि पाणीही न पिता माझ्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, सकाळी तुम्ही नाही म्हणून राहिले होते ना?"

"हो."

"मग सही काहून केली?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. ते हात धुवायला गेले.

संध्याकाळी मी अहवाल लिहायला बसले तेव्हा मॅनेजर म्हणाले, "कोणाला खरचटलंही नाही. मग लिहायचं कशाला?" मी लिहिलं. काम उशिरा सुरू झालं, परवानगी मी दिली, माझ्या सहीने दिली. वरून मला लेखी ताकीद आली. ती योग्यच होती. त्यानंतर तीन आठवडे मॅनेजर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पुढच्या वेळी क्रेन चढवायची होती तेव्हा जनरेटर बिघडला आणि पुन्हा नऊ वाजून गेले. मी परमिट कोरंच परत केलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाडाचं पानसुद्धा हललं नाही. दुपारी चारला मॅनेजरांनी फोन करून विचारलं, "कुठे आहे तुमचा वारा?" मी म्हणाले, "नाही आला." त्यांनी फोन ठेवला. ऑपरेटर शेजारीच डबा खात बसले होते. त्यांनी डब्याचं झाकण माझ्यापुढे सरकवलं, त्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा होता. आम्ही दोघांनी खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दोघंही साइटवर हजर होतो.