लाल दिव्याला जोडलेले हात

आमच्या घरी संध्याकाळी देवापुढे दिवा पत्नी लावायची आणि हातही तीच जोडायची. मी तेव्हा बहुधा पेपर वाचत असे. देव नाही असं माझं म्हणणं नव्हतं, पण माझी भिस्त हिशेबावर होती. वेळेवर निघावं, गाडी नीट तपासून निघावं, म्हणजे माणूस पोचतो. तिच्या आजारपणाच्या त्या हिवाळ्यात मात्र हा हिशेब जुळेनासा झाला. ती मौद्याला भावाकडे गेली होती आणि तिथेच तापानं तिनं अंथरूण धरलं. औषधं बदलून पाहिली. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. नागपूर-मौदा खेपा, कचेरी आणि जागरणं यांनी मी इतका शिणलो होतो की देवाकडे काही मागण्याचंही त्राण उरलं नव्हतं. शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, आजच नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

आमची मोटार जुनी. निघण्यापूर्वी मी बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. पातळी बरोबर होती. पत्नीला शेजारच्या सीटवर टेकवून बसवलं, अंगाभोवती ब्लँकेट गुंडाळलं. भंडारा रोडला लागलो तेव्हा सूर्य समोर मावळतीला आला होता.

निम्मा रस्ता सरला असेल, तोच डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा एकदोनदा मिणमिणला आणि मग लागूनच राहिला. त्याचा अर्थ मला पक्का माहीत होता. इंजिनातल्या तेलाचा दाब गेला. अशा वेळी गाडी तिथल्या तिथे बंद करायची, नाहीतर आतले भाग कोरडे घासून इंजिन जाम होतं. हे माहीत असूनही माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघेना. डॉक्टरांचं 'थांबू नका' कानात होतं. उरलेलं अंतर आणि गाडीचा वेग मनात मांडला आणि ओढून नेली तर पोचू, असं उत्तर काढलं. खरं म्हणजे ते उत्तर नव्हतं, हट्ट होता. गाडी वाटेत कायमची बसली असती तर त्या अंधारात तिला नेणार कशातून, हे मी त्यात धरलंच नव्हतं.

इतका वेळ डोळे मिटून पडलेली ती तेवढ्यात बोलली, "अहो, दिवा लागला नं. हात जोडा."

तापाच्या ग्लानीत तिला तो तांबडा ठिपका देवघरातला वाटला होता. तिनं स्वतःचे हात जोडलेही होते. मी गाडी हाकतच राहिलो, तेव्हा घरी म्हणते तशी जरा रागावून म्हणाली, "हातातलं ठेवा नं आधी बाजूला."

माझ्या हातात स्टिअरिंग होतं. कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही, पण मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हात जोडले. मागितलं काहीच नाही. आता माझ्यानं होत नाही, इतकंच मनात आलं.

इंजिन बंद केल्यावर सगळं शांत झालं आणि त्या शांततेत गव्हाच्या वावरातून पंपाची टुकटुक ऐकू आली. चालत्या गाडीत ती कानावर आलीच नसती. डिझेलचा पंप आहे म्हणजे तिथे इंजिनात घालायचं तेलही असणार. मी हाका मारल्या. पाणी देत असलेले एक शेतकरी आणि त्यांची बायको बांधावरून आले. हकिगत ऐकून ते परत गेले आणि तेलाचा डबा आणि नट आवळायचे पाने घेऊन आले. "गावचं तेल चालते का जी शहराच्या गाडीले?" असं म्हणून स्वतःच हसले. त्यांनी कंदील धरला. तेलाच्या नळीचं नट सैल होऊन वाटभर तेल गळत आलं होतं. मी नट आवळलं, तेल ओतलं. त्यांची बायको दाराशी बसून पत्नीचे पाय चोळत होती. "भेऊ नको वं माय, पोचतेस तू आता," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

आमच्याकडे दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं आणि तो लाल दिवा शांत झाला. गळती थांबल्याची खात्री करून आम्ही निघालो आणि दवाखान्यात पोचलो.

ती बरी व्हायला बरेच दिवस लागले. इंजिनाला काही झालं नव्हतं. वेळेवर बंद केलंत, असं मिस्त्री म्हणाला. पुढे तेलाचा भरलेला डबा परत द्यायला गेलो, तर त्या शेतकऱ्यांनी डब्याकडे न पाहता आधी विचारलं, "बाई कशा आहेत जी?"

लाल दिवा हे तारेचं आणि स्विचचं काम आहे, आणि तापात माणूस काहीही बोलतो, हे मला कळतं. यापलीकडे मी कोणाला काही पटवत नाही. तिला तर त्यातलं काही आठवतही नाही. मी सांगितलं तेव्हा हसली. आताही दिवा लावल्यावर मी पेपरात असलो की म्हणते, "मोटारीतल्या दिव्याला जोडता नं हात, मग याला काहून नाही?" मी पेपर खाली ठेवतो. हात जोडायचे तर आधी ते रिकामे करावे लागतात. त्या दिवशी माझे देवानंच रिकामे करून घेतले, म्हणून ती आज समोर उभी राहून मला रागावते आहे.