परत पाठवलेला कान

माझी थोरली बहीण सुशीला हिच्यावर अन्याय झाला तो गेल्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारच्या जेवणाआधी, कन्नड मुलखाच्या सीमेवरच्या आमच्या भागात, दुबलगुंडी गावातल्या शाळेच्या एका खोलीत. अन्याय करणाऱ्यांच्या अंगावर स्वच्छ पांढरे कोट होते, बोलणं मृदू होतं, आणि त्यांनी तिला साधी सुईसुद्धा टोचली नाही. न टोचलेल्या त्या सुईबद्दलच मला लिहायचं आहे.

त्या दिवशी ऊन आणि सावली शाळेच्या अंगणात शिवाशिवी खेळत होती, व्हरांड्यात कुणीतरी वाळत घातलेल्या मुगाच्या शेंगा तडतडत होत्या, आणि भिजून पुन्हा तापलेल्या काळ्या मातीचा तो जड, गोडसर दरवळ माणसांच्या रांगेवरून संथपणे वाहत होता. दूरच्या शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचं पथक आलं होतं. कानाच्या फाटलेल्या पडद्याला कोणतं ठिगळ अधिक टिकतं, कानामागच्या स्नायूवरचं पातळ पटल की कूर्चेची, म्हणजे कानातल्या मऊ हाडाची, तासलेली चकती, याचं संशोधन त्यांना करायचं होतं. संशोधन चांगलं होतं, हे मी आधीच सांगून टाकते. चळवळीची पत्रकं लिहून लिहून माझ्या हाताला विरोधाची सवय लागली असली तरी चांगल्याला चांगलं म्हणायला तो हात अजून कचरत नाही. आमच्या भागात घराआड एक कान वाहतो. लसूण कढवलेलं कोमट तेल, मोरपिसाची राख, बोळा, आणि थंडीत वाढलं की 'ऋतू बदलायलाय' एवढं निदान. वाहत्या कानाला आम्ही दुखणं मानतच नाही, स्वभाव मानतो.

अक्काचा डावा कान लहानपणापासून असाच स्वभावाचा. पाणी थोडंच यायचं, पण त्याला वास होता, कुबट, पावसात भिजून कोपऱ्यात विसरलेल्या पोत्यासारखा. त्या वासापायी ती लग्नकार्यात पंगतीच्या टोकाला बसे, पदर डाव्या बाजूनं घट्ट ओढून घेई. दाजी थट्टा करत, "हिला डाव्या कानात गुपित सांगावं. तिथल्या तिथं राहतंय, बाहेर फुटत न्हाई." ती हसे. 

तपासणाऱ्या विद्यार्थ्यानं तिच्या कानाशी वाकताच मान फिरवली. मग मोठ्या डॉक्टरांनी दिव्याच्या झोतात पाहिलं, आपसांत इंग्रजीत दोन वाक्यं बोलले आणि स्वच्छ कन्नडमध्ये तिला म्हणाले, की तुमचा कान या संशोधनात घेता येत नाही, तुम्ही गेलात तरी चालेल. अक्काला कन्नड माझ्याहून चांगलं येतं. शब्द एकही चुकला नाही. पण आमच्याकडं डॉक्टरनं परत पाठवण्याला एक जुना अर्थ आहे. सोलापूर-हैदराबादहून हात न लावता माघारी आलेलं माणूस एक तर धडधाकट असतं, नाही तर हाताबाहेर गेलेलं. आणि आपल्या पायांनी चालत आलेली, डोईवर पाण्याची घागर पेलणारी बाई हाताबाहेर गेलेली कशी असेल? ज्यांची निवड झाली त्या बाया कापाकापीच्या भीतीनं शाळेच्या भिंतीला टेकून रडत होत्या. ज्यांना नाकारलं ते सगळे एकाच टेंपोत बसून हसत घरी आले.

"मोठ्या डॉक्टरनं सोडलं मंजी कान चांगलाच की," अक्काची सासू म्हणाली. काशीबाई शेजारीण, तिचाही कान नाकारलेला. तिनं गल्लीत साखर वाटली. अक्कानं कापाकापी टळावी म्हणून गाणगापूरचा नवस बोलला होता, तो भाद्रपदात फेडला. संगमावर तिनं डोकं बुडवून स्नान केलं, गढूळ पाणी त्या उघड्या कानात शिरलं, आणि ओल्या केसांनी, तृप्त मुद्रेनं ती पादुकांपुढं उभी राहिली. मी नवसाला दोष देत नाही. सुटका झाली असं ज्याला वाटतं, तो कुणाचे तरी आभार मानणारच.

त्यानंतर भीती आमच्या घरात आली ती पावलं न वाजवता. दसऱ्याच्या सुमारास अक्का उंबरा ओलांडताना चौकट धरू लागली. कान पुसताना बोट जरा दाबलं गेलं की समोरची भिंत सरकते, असं ती म्हणे आणि लगेच, "काय न्हाई गं, उपासाची भोवळ," असंही म्हणे. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखणं न दुखता वाढतं तेव्हा ते किती जवळ आलं आहे हे कुणाला कळणार? दिवाळी सरली, करडईच्या कोवळ्या काटेरी पानांवर दव चढू लागलं, आणि त्या थंडीच्या एका सकाळी, ऊन नुकतंच चुलीपर्यंत पोचलं असताना, चहाचा घोट तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला. तिला स्वतःचंच हसू आलं. ती अर्धंच हसली.

"वारं लागलंय तोंडाला," सासू घाईनं म्हणाली. "येळवसेचा सण यायच्या आत निघून जाईल." पण दाजी कधी नव्हे ते थट्टा विसरून बायकोच्या तोंडाकडं बघत राहिले.

त्याच दिवशी शाळेत ते पथक पुन्हा आलं होतं, ठिगळ लावलेले कान तपासायला. मी अक्काचा हात धरून रांग मोडली आणि सरळ आत शिरले. टेबलाशी पथकातला एक तरुण डॉक्टर होता, लातूरकडचा, मराठी बोलणारा.

"हिला ओळखता का?" मी विचारलं.

"नाव काय यांचं?"

"तुमच्याकडं हिचं नाव असायचं कारण न्हाई. तुम्ही हिला घेतलंच न्हाई."

रांगेतली एक बाई, ठिगळ लावून बरी झालेली, आश्चर्यानं म्हणाली, "अगं सुशीला, तू तर सुटली हुतीस की!"

डॉक्टरनं अक्काकडं पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा एकदम उतरला. त्या जागी जे आलं ते मी ओळखलं, कारण सकाळपासून ते माझ्याही चेहऱ्यावर होतं. त्यानं तिला डोळे मिटायला सांगितले. उजवा मिटला. डाव्याची पापणी अर्ध्यात थांबली आणि खालून बुबुळाखालचं पांढरं दिसत राहिलं. त्यानं कानाच्या भोकापुढचा उंचवटा बोटानं हलकेच दाबला. अक्कानं त्याची बाही पकडली. "खोली फिरायलीय साहेब! सोडा, सोडा!"

मग तो हळू आवाजात सांगत गेला. पडद्याची कातडी आत ओढली जाते, तिची पिशवी होते, पिशवी वाढते आणि वाढताना भोवतालचं हाड खाते. चेहरा हलवणारी नस त्या हाडातूनच जाते, तोल सांभाळणारा भाग तिथंच असतो, आणि वर, भाकरीच्या पापुद्र्याएवढ्या हाडापलीकडं, मेंदू. अशा कानाला ठिगळ लावून उपयोग नसतो, आधी आतलं सगळं कोरून काढावं लागतं. म्हणून तो संशोधनात बसत नव्हता.

"म्हणजे ज्यांना तुम्ही घेतलं..."

"ते थांबू शकत होते," तो म्हणाला. "या थांबू शकत नव्हत्या. हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

"कुणी?"

 त्यानं फोन उचलला आणि कलबुर्गीच्या रुग्णालयात ओळखीच्या कुणाला तरी, आमच्यासमोरच, जवळजवळ विनवण्या करत खाट मागितली. तो माणूस वाईट नव्हता. माझा संताप त्यामुळं कमी झाला नाही, फक्त धरून हलवायला त्याला कुणाची गळपट्टी मिळेनाशी झाली. चांगली माणसं, चांगलं संशोधन, चांगले निष्कर्ष. आणि निष्कर्ष चांगले यावेत म्हणून वेचून बाजूला काढलेले कान, ज्यांना कुठं जायचं हे कुणीच सांगितलं नाही.

कलबुर्गीच्या रुग्णालयातल्या त्या लांब व्हरांड्यात फिनेलचा वास आणि खिडकीतून येणारं पिवळट, निरुत्साही ऊन होतं. सर्जन बाईंनी काही लपवलं नाही: जीव वाचवायला शस्त्रक्रिया हवीच, उरलंसुरलं ऐकू येणं बहुधा जाईल, चेहरा पुन्हा हलेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. अक्कानं कानातल्या कुड्या काढून माझ्या मुठीत दिल्या.

"सभेत लई बोलतीस," ती वाकड्या ओठांनी म्हणाली. "आता कामून गप बसलीस?"

मी कुड्या रुमालाच्या टोकाला बांधल्या.

"डोळा मिटंल का गं? उघड्या डोळ्यानं झोपायचं लई भेव वाटतंय."

"मिटंल," मी म्हटलं, आणि अक्काचं स्ट्रेचर शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापलीकडं गेलं. माझ्या शब्दाला काहीही आधार नव्हता.

त्या दुपारी बाकावर बसल्यावर मला कळलं की माझी भीती बहिणीएवढी राहिली नव्हती. तिला कड उरली नव्हती. डोळ्यांपुढं तो टेंपो येत होता, हसत घरी आलेला. त्यात बसलेली काशीबाई. मादन हिप्परग्याहून आमच्या गावात सासुरवाडीला आलेला एक जावई, ज्यानं डॉक्टरांनी सोडलं म्हणून टेंपोवाल्याला सगळ्यांसाठी भजी आणायला लावली होती. त्यांचा शोध घेणारं कुणी नव्हतं. संशोधन निवडलेल्यांच्या मागं जातं, नाकारलेल्यांच्या मागं फक्त त्यांचं घर असतं. मी काशीबाईला फोन लावला.

"आम्हाला कामून भेव घालायलीस?" ती चिडून म्हणाली. "मोठ्या डॉक्टरनं बघून सोडलंय मला. तुझ्या अक्काचं नशीब तुझ्या अक्काला." फोन बंद झाला. पुन्हा लावला, तिनं उचलला नाही.

अक्का बाहेर आली तेव्हा डोक्याभोवती जाड पट्टी होती. आतलं सगळं निघालं, असं सर्जन बाई म्हणाल्या. नसेबद्दल वाट पाहायची. आम्ही अजून वाट पाहतो आहोत. तिचा डावा डोळा रात्री पट्टी लावून मिटवावा लागतो, आणि काशीबाई अजून कान दाखवायला आलेली नाही. परवा तिच्या दारात गेले तर तिनं आतूनच सांगितलं, घरी न्हाई म्हणून.

मी तिच्या दारात पुन्हा जाईन. पण सगळ्या दारांत मी पोचणार नाही, म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. तुम्ही डॉक्टर असाल, संशोधक असाल, तर ज्याला परत पाठवता त्याला समोर बसवून सांगा, की तुझं दुखणं मोठं आहे, आणि कुठं जायचं त्या दारापर्यंत त्याला पोचवा. आणि तुम्ही यांपैकी कुणीच नसाल, तर तुमच्या घरात जिचा कान वाहतो तिला घेऊन आज कानाच्या डॉक्टरकडं निघा. तिला विचारत बसू नका. ती 'काय न्हाई' म्हणेल. उठा.